पायात बसलेली भाषा

सारिका गुरव पिठलं ढवळत होती आणि तिचे पाय इंग्रजी बोलत होते. ‘डिड यू स्लीप वेल’ला डावा पाय मागे, ‘व्हॉट वुड यू लाइक’ला टाच दोनदा. गडहिंग्लजच्या त्या वृद्धाश्रमात याचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं.

“अगं, एका जागी उभी ऱ्हा की! पिठल्यात पडशील,” स्वयंपाकीण अक्काताई करवादल्या.

“माझ्या हातात हाय व्हय ते?”

नव्हतंच. चाळीस दिवस ती घोट्यांवर तालतोडे बांधून पडद्यासमोर नाचली होती. पडद्यावरची पोरंपोरी रोजच्या वापरातलं इंग्रजी गात नाचायची. प्रत्येक वाक्याला तोडा पोटरीच्या शिरेला बारीक झिणझिणी द्यायचा आणि वाक्य पावलासकट मेंदूत बसायचं. सायकल बसते ना, तसं. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. सातवीत इंग्रजीत नापास झालेली बाई घडाघडा बोलू लागली. फक्त पाय थांबेनात. झोपेतसुद्धा.

भाषांतराचं यंत्र आश्रमात होतंच. पण रोजच्या जेवणात काय आहे हे ते ज्या आवाजात सांगायचं, त्याच आवाजात गेल्या वर्षी त्यानं परदेशातल्या एका मुलाला आई गेल्याचं सांगितलं. व्यवस्थापिका शेलारबाईंना तो एवढंच म्हणाला, “माणसाकडून कळायला हवं होतं.” तेव्हापासून वाईट बातमी माणसानंच सांगायची असं ठरलं. आणि माणूस म्हणजे मदतनीस सारिका; तोडे तिला त्यासाठीच बांधले होते.

त्या दुपारी तीनला चिकोडीकर मास्तरांच्या खोलीतून डॉक्टर मुल्ला बाहेर आले. “संध्याकाळपर्यंत टिकतील असं वाटत नाही. ऐकू येतंय अजून. नातीला बोलून घेऊ दे.”

मास्तरांना या जगात ती एकच नात. ईरा टोरांटोत वाढलेली. मराठीचा गंध नाही. रोज चारला, तिच्या सकाळी, तिचा फोन यायचा. सारिकानं तासभर वाक्यं जुळवली.

चारला ईरा फोनच्या पडद्यावर आली, खांद्याला दप्तर.

“ईरा, युवर ग्रँडफादर...” सारिकाचा डावा पाय मागे गेला. “ही इज...” टाच आपटली, कंबर हलली आणि चेहऱ्यावर भलंमोठं हसू पसरलं. ती सगळी गाणी हसत म्हणायची होती. ओठांनी तेही पाठ केलं होतं.

ईरानं टाळीच वाजवली. “ही इज बेटर! आय न्यू इट!” बस यायची वेळ झालीय, उद्या निवांत बोलते, असं म्हणत तिनं फोन बंद करायला बोट पुढं केलं.

उद्या! सारिकाला आपल्या पायांचा असा संताप आला की तोडून टाकावेत. तिनं फतकल मारली आणि दोन्ही पाय छातीशी गच्च आवळले. हसू गेलं. आणि इंग्रजीही गेलं. एक शब्द सापडेना.

“ठेवू नगंस बाळा,” ती ओरडली. “आजोबा चाललं गं तुझं. एकदा हाक मार त्येंना!”

ईराला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण तिचं बोट हवेतच राहिलं. खांद्यावरचं दप्तर खाली घसरलं. “आजो?” ती हळूच म्हणाली. तिला येत होता तो एवढाच मराठी शब्द.

सारिकानं फोनचा पडदा मास्तरांच्या खाटेजवळ नेला. वीस मिनिटं ती पोर तोच एक शब्द बोलत राहिली, आणि मास्तरांची बोटं चादरीवर हलत राहिली, थांबेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी तालतोडे बनवणाऱ्यांचा माणूस आला. “ताई, चूक आमची. दुःखाची वाक्यं आम्ही शिकवलीच नव्हती. आता नवा धडा बसवलाय. संथ लय, मान खाली, घोगरा आवाज. डोळ्यांत पाणीसुद्धा येईल.” त्यानं नवे तोडे टेबलावर मांडले. सहा नंबरच्या खोलीतल्या पाटणकर काकूंनी कालपासून अन्न सोडलं होतं आणि त्यांचा मुलगा मेलबर्नला होता. शेलारबाई आशेनं सारिकाकडे बघत होत्या.

टेबलाखाली सारिकाचे पाय चाळवत होते. तिनं एक तोडा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

“गावाकडं माझी आई ऐंशीला आलीया,” ती म्हणाली. “उद्या ती गेली आन् मला रडू आलं, तर ते माझं असंल का तुमचं?”

तिनं तोडा त्याच्याकडं परत सरकवला.