दुमडलेली कड

फादर हामो मनोऱ्याच्या जिन्याखाली पडले होते, मान मोडून. ईस्टरच्या सोमवारी सकाळी झाडणाऱ्या बाईला प्रेत दिसलं आणि राजवाड्यात एकच पळापळ झाली.

तपासनीस ओर्डगर गुडघ्यांवर बसला. कुणीतरी फादरचे डोळे मिटले होते. अंगावर झगा पांघरून त्याची कड पायांखाली नीट दुमडली होती. ओर्डगरने ती कड दोनदा चाचपली. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

जिन्याशी खुंटीला लाकडी फळी आणि हातोडी टांगलेली होती. गेल्या आठवड्यात, ईस्टरआधीचे शोकाचे तीन दिवस, प्रार्थनेला हीच वाजत होती.

कालच फादरचा निरोप आला होता, "राजाच्या मृत्यूबद्दल बोलायचंय. उद्या शपथेआधी भेट."

शपथ दुपारी होती. राजा शुक्रवारी संध्याकाळी गेला. राजकन्या एल्फ्लेडला वारस मानून सरदारांनी पूर्वीच शपथ घेतली होती. पण राजाचा खासगी कारभारी एडनॉथ म्हणत होता, मरताना राजाने पुतण्या रेनाल्डचं नाव घेतलं. ते आज मान्य झालं, तर एल्फ्लेडच्या नशिबी कोठडी होती.

एडनॉथ हा ओर्डगरचा थोरला भाऊ. आईबापांमागे त्यानेच ओर्डगरला वाढवलं होतं.

भरल्या दरबारात ओर्डगर त्याच्यासमोर उभा राहिला.

"दादा, राजा गेला तेव्हा तू कुठे होतास?"

"उशाशी. किती वेळा सांगू?"

"आणखी कोण होतं?"

"फादर हामो. बिचारे गेले."

"काय ऐकलंस?"

"रेनाल्ड. एवढंच. संध्याकाळची घंटा वाजत होती, म्हणून मी कान अगदी ओठांशी नेला."

"घंटा? नक्की?"

"तपासनीस झालास म्हणून मला बहिरा ठरवतोस काय रे, धाकट्या?"

सरदार हसले. इथेच गप्प बसला असता, तर भाऊ वाचला असता.

"शुभ शुक्रवारी, दादा?"

सरदार एकमेकांकडे पाहू लागले.

"येशूच्या मरणाच्या शोकात गुरुवारपासून शनिवारपर्यंत राज्यातली एकही घंटा वाजत नाही. लाकडी फळी वाजते. चाळीस वर्षं रोज ऐकलेली घंटा तू सवयीने सांगून गेलास. त्या खोलीत तू नव्हतासच. हे एकट्या फादरना माहीत होतं, आणि ते आज बोलणार होते."

"ते पाय घसरून पडले!"

"मग झगा कुणी पांघरला? मला थंडी वाजू नये म्हणून अशी कड पायांखाली कोण दुमडायचं, दादा?"

एडनॉथने कमरेची किल्ल्यांची जुडी काढून भावापुढे ठेवली.

"राजा गेला तेव्हा मी वेशीवर होतो. रेनाल्डच्या माणसाने माझ्या लेकीची, हिल्डाची, कापलेली वेणी आणली होती. खोटं बोललो नाही, तर पुढच्या खेपेला मुंडकं आणीन म्हणाला. फादरच्या पाया पडलो. ऐकेनात. मग ढकललं."

एल्फ्लेड राणी झाली. तिचे पहिले स्वार हिल्डाला सोडवायला गेले. एडनॉथची फाशी मात्र टळली नाही. ओर्डगरने राणीपुढे दयेची भीक मागितली, तरीही नाही.

भर दुपारी गाडीतून तो सहा वर्षांच्या हिल्डाला घरी नेत होता. गार वारा सुटला होता. त्याने तिच्यावर घोंगडी घातली.

"अशी नाही, काका. पायांखाली दुमडायची. बाबा दुमडतात."

त्याने कड दुमडली.

"बाबा कधी येणार?"

सगळ्यांना प्रश्न विचारणारा ओर्डगर भर रस्त्यात तोंड फिरवून रडू लागला.