वरचा अर्धा ग्लास

भर श्रावणात, लोणावळ्याच्या धुक्यात उभं राहून मोसंबीचा ज्यूस मागणारा माणूस एक तर तापातून उठलेला असतो, नाही तर डोक्याने जरा कमी असतो, असं अल्लाबक्ष बागवानांचं ठाम मत होतं. पावसाळ्यात स्टेशनाबाहेरच्या गल्लीत गर्दी असायची ती समोरच्या चहावाल्याकडे, भाजलेल्या कणसांच्या गाडीवर आणि शेजारच्या चिक्कीच्या दुकानात. बागवान ज्यूस सेंटरच्या बाकड्यावर दिवसभर मांजर झोपलेलं असायचं.

म्हणूनच त्या दुपारी, अब्बा असरच्या नमाजला गेलेले असताना, धुक्यातून एक उंच, भरल्या अंगाचा तरुण आला आणि थेट काउंटरपाशी उभा राहिला, तेव्हा काउंटरवरच्या त्यांच्या मुलीला, नुसरतला वाटलं, हा पत्ता विचारायला आलाय.

"मोसंबी ज्यूस," तो म्हणाला. "साखर नको. बर्फ नको."

"मीठ?"

"तेही नको."

"मग नुसता ग्लास देऊ का?"

तो हसला. हसला म्हणजे काय, आधी डोळे हसले, मग ओठांना ते कळलं. त्याच्या केसांवर धुक्याचे बारीक थेंब बसले होते आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. नुसरतने मान खाली घालून मोसंबी कापायला घेतली. एरवी डोळे मिटून कापणारी ती… आज सुरी जरा जपून चालली.

बागवानांच्या दुकानाची एक रीत होती. काचेच्या जगमध्ये रस नेहमी ग्लासाहून जास्त काढायचा. गिऱ्हाइकाने ग्लास संपवला की उरलेला रस पुन्हा त्याच ग्लासात ओतायचा. त्याला म्हणायचं ‘वरचं’. वरचं न देणारा ज्यूसवाला अब्बांच्या लेखी ज्यूसवालाच नव्हता. आता वरचं किती द्यायचं, हे मात्र ओतणाऱ्याच्या हातावर असतं. आणि नुसरतचा हात त्या दिवशी, का कोण जाणे, सैल सुटला.

"अर्धा ग्लास… वर?" तो संकोचून म्हणाला.

"दुकानाची रीत आहे. नाही म्हणायचं नसतं."

त्याने नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

*

"रेल्वेतला आहे," शेजारच्या चिक्कीच्या दुकानातली माधवी म्हणाली. तिला गल्लीतली प्रत्येक खबर असायची. "गाडीला मागून ढकलतो."

"हाताने?"

"अगं, इंजिनाने! कर्जतहून घाट चढताना गाडीला मागे तीन इंजिनं लावतात ना, त्यातल्या एकावर असतो. वर आलं की ती इंजिनं सुटतात, मग खाली जायचा निरोप येईपर्यंत हा मोकळा. नाव हमदान मुलाणी. आई उर्से गावात असते. लग्न झालेलं नाही."

"मी विचारलं का?"

"नाही ना. म्हणून तर सांगितलं."

नुसरतला खरं कुतूहल वेगळंच होतं. थंडीने दातावर दात आपटत असताना हा माणूस रोज ज्यूस का पितो? आवडीने पितो म्हणावं, तर पहिल्या घोटाला चेहरा असा करतो की औषध घेतोय. शेवटी एके दुपारी तिने विचारूनच टाकलं.

"तुम्हाला मोसंबी आवडत नाही ना?"

हमदान ग्लासाकडे बघत राहिला. "आंबट लागते."

"मग?"

"वजन उतरवायचंय," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय. साखर काठावर आलीय. दिवाळीच्या आधी पुन्हा तपासणी आहे. वजन उतरलं नाही, तर इंजिनावरून उतरवतील. सोलापूरला कुठल्याशा कचेरीत टेबल देतील म्हणे… म्हणून चहा सोडला. वडापाव सोडला. डब्यातली भाकरी निम्मी केली. आणि ज्यूस चालू केला."

"ज्यूसने वजन उतरतं?"

"मोबाइलवर एक बाई सांगते ना, फळं घ्या, फळं घ्या."

ज्यूसवाल्याच्या मुलीने यावर काय बोलावं? तिने फक्त विचारलं, "इंजिन एवढं आवडतं?"

त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही कधी मागून पाहिलाय घाट? पुढचा ड्रायव्हर पुढचा रूळ बघतो. आम्ही गाडीची पाठ बघत चढतो. सगळी माणसं आत झोपलेली असतात, कुणाला पत्ताही नसतो की मागून कुणी लावून धरलंय… मला तेच आवडतं. पत्ता नसलेलं."

"इथेही तुम्ही पत्ता लागू न देताच येता," नुसरत म्हणाली. मग आपण हे मोठ्याने बोललो हे कळून तिने घाईघाईने जग उचलला आणि ‘वरचं’ ओतलं. ग्लास काठोकाठ भरला.

*

दुकानात पेट्या तोलायचा एक मोठा काटा होता. पंधरा-वीस दिवसांनी हमदानने त्याच्याकडे बोट दाखवलं. "चाचा, यावर उभा राहू? डॉक्टरांकडे ब्याण्णव किलो भरलो होतो."

अल्लाबक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "आरं बाबा, ह्यो काटा मोसंब्यांचा हाय. माणसं तोलाय न्हाई ठिवला."

"मोसंबीच भरलीय आत, चाचा."

अब्बा खो खो हसले. "चढ, चढ. पर मोडला तर तूच भरून देशील."

हमदान बूट काढून चढला. आकडा नुसरतला आधी दिसला. वजन उतरलं नव्हतं. उलट दोन किलोंनी वाढलं होतं. तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. मग खाली उतरला आणि बुटाची नाडी बांधत राहिला… बांधलेली सोडून पुन्हा बांधत राहिला.

"भाकरी अजून कमी करतो," तो म्हणाला.

संध्याकाळी दुकान आवरताना नुसरतने सालांची बादली उचलली. दिवसभरात गिऱ्हाईक असं तो एकटाच आलेला. एका माणसाची एवढी सालं? ती उकिडवी बसली आणि सालं जुळवून बघू लागली. हे एक मोसंबं, हे दुसरं, हे तिसरं… ओंजळ भरली, मांडी भरली. चोथा सगळा बादलीत आणि गोडी सगळी ग्लासात. त्यावर तिचं ते काठोकाठ ‘वरचं’.

म्हणजे हा बिचारा तिकडे भाकरी निम्मी करतोय आणि इकडे मी त्याला रोज भरवतेय!

सांगायला हवं होतं. पण सांगितलं, तर तो पाणी पिईल. पाणी काय, स्टेशनातल्या नळालाही येतं. त्यासाठी कोण जिना उतरून, गल्ली ओलांडून इथपर्यंत येईल? आणि नाही सांगितलं, तर त्याचं इंजिन जाईल आणि तो सोलापूरला. कुठूनही धरा, बाकडं रिकामंच.

दोन दिवस तिने फक्त ‘वरचं’ बंद केलं. ग्लास संपला की तो जगकडे बघायचा, मग तिच्याकडे.

"आज रीत नाही?"

"मोसंबी महागलीय."

तो मान हलवून निघून गेला. जाताना एकदा वळून पाहिलं त्याने. आपलं काय चुकलं, एवढंच त्या बघण्यात होतं. नुसरतला रात्री जेवण गेलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा काउंटरवर ग्लास नव्हता. ताटली होती, आणि तिच्यात सोललेली मोसंबी.

"हे काय?"

"खा."

"ज्यूस?"

"आधी हे खा. सगळं संपवायचं."

तो बाकड्यावर टेकला. मांजराने नाराजीने जागा दिली. एक मोसंबं संपलं. दुसरं संपत आलं तशी त्याची गती मंदावली. तिसऱ्याच्या दोन फोडी त्याने तिच्यापुढे केल्या. "तुम्हीही घ्या ना… मला नाही जात आता."

तिने एक फोड घेतली. बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

"पोट भरलं?"

"टम्म."

"मग पिताना याच्या दुप्पट कसं जात होतं?"

हमदान चावता चावता थांबला. ताटलीकडे बघितलं, सालांकडे बघितलं. मग हळूहळू त्याच्या तोंडावर उजेड पडत गेला.

"म्हणजे… मी चहातली दोन चमचे साखर सोडली, आणि इथे…"

"इथे ग्लासभर घेतली. वर माझं वरचं." नुसरतचा आवाज बारीक झाला. "माझ्याच हाताने ओतत होते मी. मला कळायला हवं होतं."

"मी नाही म्हणायला हवं होतं."

"मग का नाही म्हटलंत?"

"ते ‘वरचं’ प्यायला जास्त वेळ लागायचा," तो ग्लासाच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाला. "तेवढं बसता यायचं."

समोरच्या चहावाल्याचा स्टोव्ह फुरफुरत होता. धुकं इतकं दाट होतं की गल्लीला पलीकडची बाजूच नव्हती.

"मग आता काय पिऊ?"

"पाणी."

"आणि… पाणी प्यायला इथे येऊ?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. अगदी टोकावर. पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अब्बांचं खोकणं ऐकू आलं, आणि नुसरत फडका उचलून भलतंच बोलून गेली, "पाणी काय, कुठेही मिळतं."

त्याने ताटली नीट सरकवून ठेवली. "खरंय," म्हणाला, आणि धुक्यात शिरला.

*

आठवडा गेला. दुसराही गेला. हमदान आला नाही.

"गिऱ्हाइकाला पाणी पी सांगणारी ज्यूसवाली मी तरी पहिलीच बघते," माधवी म्हणाली.

"त्याचं इंजिन गेलं असतं."

"आणि आता तुझी गाडी गेली."

नुसरत चिडली. त्या संध्याकाळी ती कधी नव्हे ते स्टेशनाच्या पुलावर जाऊन उभी राहिली. घाटातून एक गाडी वर आली. मागची तीन इंजिनं सुटली, उसासा टाकून मागे सरली. मधल्या इंजिनाच्या खिडकीत एक हात दिसला, हातात पाण्याची बाटली. बाटली तोंडाला लागली, खाली आली, पुन्हा लागली.

ऐकलं त्याने माझं… तिला हसू आलं, आणि लगेच त्याच ऐकण्याचा राग आला. एवढं कशाला ऐकायचं?

हाक मारावी का? पण पुलावरून, एवढ्या माणसांत? ती कठड्याला धरून उभी राहिली. इंजिन धुक्यात विरून गेलं.

*

पाऊस सरला. डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागलं, आणि एका दुपारी बाकड्यावरचं मांजर आपण होऊन उठलं.

हमदान उभा होता. गाल उतरले होते. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं आणि उरलेलं टोक लोंबत होतं. त्याने नुसरतकडे बघितलं, आणि मग मागे खुर्चीत बसलेले अब्बा त्याला दिसले. आज ते लवकर परतले होते.

"पास झालो," तो नुसरतला म्हणाला, पण आवाज दोघांसाठी होता. "इंजिन राहिलं."

"आरं वा!" अल्लाबक्ष उठले. "मंग तोंड ग्वाड कर. नुसरत, काढ गं एक मोसंबी. लय दिसांनी आलंय पोरगं."

"ज्यूस नको, चाचा."

"मंग?"

"पाणी."

"पाणी?" अब्बांनी चष्मा काढला. "आरं, समूर च्यावाला हाय, तितं पाणी फुकाट हाय. टेसनात नळ हाय. तू हितंच कशापायी आलास?"

गाडीला घाट चढवणारा माणूस, पण एक वाक्य काही त्याला चढवेना.

"नळावर…" तो म्हणाला. "नळावर नुसरत नसते, चाचा."

शेजारच्या दुकानात चिक्कीवर चालणारी सुरी थांबली. नुसरतला आपलेच हात कुठे ठेवावेत ते कळेना. अब्बा एक ग्लास घेऊन पुसत राहिले. कोरडा ग्लास, तरी पुसत राहिले.

"ह्ये बघ," ते शेवटी म्हणाले. "दुकानात येतंय ते गिऱ्हाईक. त्याला ज्यूस द्यायचा, पैसं घ्यायचं. पाणी कुनाला देत्यात? घरला आलेल्या पाव्हण्याला. तुला पाणीच पायजे आसंल तर घरला ये. पर एकटा न्हाई. आईला संगं घिऊन ये."

हमदानने घाईघाईने मान डोलावली.

"आन् थांब. आदी हिला इचारू दे." ते नुसरतकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "काय गं बाय? द्यायचं का पाणी?"

नुसरतने ओढणी सावरली. काउंटरवर नसलेला डाग पुसला.

"रविवारी नको, अब्बा," ती म्हणाली. "रविवारी टूरिस्ट असतात, दुकान सोडून घरी थांबता येणार नाही. सोमवारी."

अब्बांनी चष्मा परत लावला आणि उगाचच पेट्या मोजायला आत गेले. शेजारची सुरी पुन्हा चालू झाली, जरा जास्तच जोरात.

हमदानचे आधी डोळे हसले. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो घाबरून म्हणाला, "पण सोमवारी… सोमवारी माझी ड्यूटी आहे."

"बदलून घे," नुसरत म्हणाली.