नावं ठेवलेली गाडी

बसा रे. तो मोबाइल उलटा ठेव, डोळ्यांत उजेड जातो. आणि मध्येच कुणी ‘मग काय झालं’ म्हणून विचारायचं नाही. विचारलंत की मी उठलो. ही गोष्ट मला ज्याने सांगितली तो चष्मेवाला गेली वीस वर्षं माझे चष्मे करतो, आणि थापा मारण्याइतकी अक्कल त्याच्यात नाही.

तर चष्मेवाल्याचं घर डोंगरावरच्या वस्तीत, आणि दुकान, हॉस्पिटल सगळं खाली गावात. मध्ये बावीस मिनिटांचा चढ, अकरा वळणं. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं. दिवसा जागा मिळत नाही, म्हणून संध्याकाळची पाळी. सुटायला साडेदहा होतात. म्हातारा चाळीस वर्षं ट्रक चालवलेला. मूत्रपिंडं गेली, पण जीभ शाबूत. मागच्या सीटवर बसून सबंध रस्ताभर मुलाला सोलून काढायचा. ‘गिअर आत्ता टाकायचा असतो का?’ ‘ब्रेक मारतोस की सूड उगवतोस?’ चष्मेवाला मुकाट्याने ऐकून घ्यायचा.

त्याची आधीची गाडी म्हणजे निव्वळ डबडं. एका रात्री चौथ्या वळणावर इंजिन तापलं आणि बंद पडलं. डायलिसिस करून आलेला माणूस तासभर थंडीत कुडकुडत बसला. रक्तदाब इतका खाली गेला की डॉक्टर दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याला म्हणाले, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. त्या दिवसापासून चष्मेवाल्याच्या डोक्यात एकच. चढ न दमता चढेल अशी ताकदवान गाडी हवी. खिशात मात्र खडखडाट.

आता तुम्हाला कळत नाही ते सांगतो. मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्या मातीमोल जातात. पेट्रोल पितात म्हणून कुणी हात लावत नाही. चष्मेवाल्याने रात्र-रात्र जाहिराती चाळल्या आणि एक हेरली. राखाडी रंगाची, लांबलचक, सहा सिलिंडरची. सोळा वर्षं जुनी, एकच मालक.

गाडी मालकाच्या धाकट्या भावाकडे होती. शेडमध्ये उभी. जुनी गाडी बघायला जाताना इंजिन गार असताना बघायचं, म्हणजे सुरू होताना काय कुरकुरतं ते कळतं. चष्मेवाल्याने बॉनेटवर हात ठेवला, तर कोमट.

“चालवून ठेवलीत का?”

“आठ महिने कुणी किल्ली लावली नाही,” धाकटा म्हणाला.

चष्मेवाल्याला ते पटलं नाही. पण किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली, की त्याचा जीवच तिच्यावर जडला. तरी भाव पाडायचा तर तोंड वाकडं करावंच लागतं. तुम्हीही करता, मीही करतो. त्याने एक फेरी मारली, खाली उतरला आणि नाक मुरडून सुरुवात केली. पिकअप नाही. क्लच घसरतोय. ब्रेक लांब लागतात. आणि शेवटी, जरा जोर चढला म्हणून म्हणाला, “चालवणाऱ्याला हातच नव्हता. कुणा शिकाऊ माणसाने वाट लावलीय गाडीची.”

धाकट्याने चालकाचं दार उघडलं, सताड. स्वतः तीन पावलं मागे सरकला.

“जरा मोठ्याने सांगा,” म्हणाला. “पहिल्यापासून.”

चष्मेवाल्याला वाटलं, माणूस कमी ऐकतो. त्याने उघड्या दाराशी उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. पिकअप, क्लच, ब्रेक, शिकाऊ माणूस. धाकट्याने मान हलवली आणि चष्मेवाल्याने सांगितलेला आकडा एका शब्दाने मान्य केला. कागद तयारच होते. सही झाल्यावर त्याने किल्ली हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

“गाडी भावाची. भाऊ चालकाच्या सीटवरच गेला. आता आमचा संबंध नाही. तुमचं तुम्ही बघा.”

एवढं बोलून त्याने घराचं दार लावून घेतलं. चष्मेवाल्याला जरा कसंतरी वाटलं, पण इतकी चांगली गाडी पदरात पडल्यावर कोण परत करतो?

गेल्या नोव्हेंबरची बारा तारीख. बुधवार. गाडी घेऊन दुसराच दिवस. हॉस्पिटलमधून निघाले तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं. म्हातारा मागे, गुडघ्यावर चादर. बाजारपेठ संपेपर्यंत तोंड चालूच होतं. “एवढी मोठी गाडी घेतलीस आणि चालवतोस मात्र हातगाडीसारखी.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी चढ लागला. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्याला चष्मेवाल्याच्या पायाखालचा क्लच खाली गेला.

त्याने दाबला नव्हता.

गिअरचा दांडा हलला. आपोआप. गाडीने अशी उसळी घेतली की त्याचं डोकं सीटला आपटलं. त्याने ब्रेक दाबला. ब्रेक दगडासारखा. दाबलाच जाईना. काटा शंभरावर. तिसरं वळण. स्टिअरिंग त्याच्या हातातून फिरलं, गुळगुळीत, बोटभरही चुकलं नाही. दरीच्या कठड्यापासून वीतभर आत.

त्याने हात सोडले.

स्टिअरिंग फिरतच होतं.

पाय वर घेतले. सीटवर. खाली पेडलं दाबली जात होती... सुटत होती... दाबली जात होती. अगदी वेळेवर.

“बाबा,” तो म्हणाला. “बाबा, धरून बसा...”

“गप्प बस,” मागून म्हातारा म्हणाला. “आत्ता कुठे नीट चालवायला लागलायस.”

सहावं वळण. सातवं. चष्मेवाला घामाने निथळत होता. शेजारची सीट रिकामी. पण त्याच्या मांड्या दबत होत्या, त्याच्या अंगावरच कुणीतरी बसल्यासारख्या. जड. थंड. छाती भरून श्वास घेता येईना... तेव्हा त्याला धाकट्याचं ते उघडं दार आठवलं.

“चुकलो,” तो म्हणाला.

वेग वाढला.

“खोटं बोललो मी. भाव पाडायला बोललो. गाडी चांगली आहे. क्लच चांगला आहे, ब्रेक चांगले आहेत...”

नववं वळण.

“तुम्हाला हात होता. असं कुणी चालवत नाही. मी असं कधी पाहिलं नाही...”

आणि गाडी थांबली. धक्का नाही, काही नाही. चढाच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेला. हँडब्रेक करकरत वर आला. अकरा अठरा. बावीस मिनिटांचा चढ आठ मिनिटांत.

चष्मेवाल्याच्या बाजूचं दार उघडलं.

बाहेर काळोख. सुटलो, त्याला वाटलं. पण त्याच्या डोक्यात फक्त मागे बसलेला म्हातारा. आधी त्याला बाहेर काढायचा, मग पुढचं पुढे. तो उतरला आणि मागच्या दाराला हात घातला.

खट्. चारही दारं लागली.

काचेवर त्याने मुठी आपटल्या. आत म्हातारा आरामात डोळे मिटून बसला होता. गाडी हलली. हळूच, काही घाई नसल्यासारखी. मग दिवे लांब गेले... वळले... आणि राहिला फक्त आवाज.

तोही गेला.

फोन गाडीत. घर चार किलोमीटर. तो धावला. पडला, उठला, पुन्हा धावला. प्रत्येक वळणावर त्याने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. बाप खाली दिसेल म्हणून. ओरडायचाही धीर होत नव्हता.

घरी पोचला तेव्हा बारा वाजून गेलेले. गाडी दारात उभी. भिंतीला समांतर लावलेली, दिवे बंद. बायकोने दार उघडलं आणि ती वैतागूनच बोलली, “एवढा वेळ कुठे होतात? बाबांना हाताला धरून आत सोडलंत आणि एक शब्द न बोलता परत फिरलात. चष्माही नव्हता डोळ्यांवर.”

त्याने आपल्या चष्म्याला हात लावला. डोळ्यांवरच होता. आत गेला. म्हातारा पलंगावर जागाच होता.

“आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवलीस,” म्हातारा म्हणाला. मुलाला त्याने जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं, आणि चष्मेवाल्याला रडूच कोसळलं. “पण डायलिसिसचा हात कशाला धरलास? दुखतोय.”

सकाळी गाडी सुरू होईना. मेकॅनिक आला. बॅटरी बघितली, पेट्रोल बघितलं, सगळं ठीक. “आत जीवच नाही,” एवढंच म्हणाला तो. चष्मेवाल्याने धाकट्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “मी कधी काही बोललो नाही. बोललात तुम्ही.” आणि फोन बंद. चष्मेवाल्याने त्याच दिवशी गाडी भंगारात घातली. यंत्राखाली तिचा चपटा पत्रा होईपर्यंत समोर उभा राहिला.

शुक्रवारी भाड्याच्या गाडीतून म्हाताऱ्याला डायलिसिसला नेलं. डायलिसिससाठी दंडातल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून ठेवलेल्या असतात. सुई लावायच्या आधी सिस्टर तिथे स्टेथोस्कोपची नळी लावून रक्ताचा सळसळ आवाज ऐकते. सिस्टरने नळी लावली. काढली. पुन्हा लावली. मग तिने नळी कानांतून काढली आणि चष्मेवाल्याच्या हातात दिली.

त्याने ऐकलं. सहा सिलिंडर. बारीक, एका लयीत... उभ्या गाडीच्या चालू इंजिनाचा आवाज.

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. चादरीखाली त्याचा उजवा पाय हळूच दाबला गेला, आणि दंडातला आवाज वर चढला.