जीपच्या खिडकीतले काका

तळ्यावर जायचं तर जीपनंच जायचं, हे मावशीकडे आलेल्या तिघांनी सुट्टीच्या पहिल्याच सकाळी ठरवून टाकलं. ताई तेरा वर्षांची, तिचा भाऊ अकरा वर्षांचा. चष्म्यामुळे त्याला सगळे भिंग्या म्हणत. आणि नऊ वर्षांची त्यांची मावसबहीण, छोटी. तिघांचा बेत अगदी पक्का होता. डबा, दोरी, पोहण्याचे कपडे, सगळं भरून झालं होतं.

पण मावशीनं चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, की जीप आता कुठेच जाणार नाही. रविवारी गिऱ्हाईक येऊन ती घेऊन जाणार आहे.

मावशी गुरांची डॉक्टर. लांबच्या वस्त्यांवर ती आपल्या यजमानांच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या, त्या उघड्या जीपनं जायची. जीपला कापडी हूड होतं, आणि त्याच्या प्लास्टिकच्या खिडक्या चेन उघडून काढून ठेवता येत. दीड वर्षापूर्वी मोठे काका आजारपणात गेले. पुढचा उन्हाळा मावशीनं जीप चालवली, आणि मग एके दिवशी एकदम बंद केली. आता ती बसनं जायची, फाट्यावर उतरून औषधांची पेटी उचलून चालायची. का, ते ती कुणाला सांगत नव्हती.

गिऱ्हाइकाला खिडक्याही हव्या होत्या. त्या शेडमध्ये होत्या, पण मावशी काही आणायला गेली नाही. तिनं धाकट्या काकांना, म्हणजे तिच्या दिराला, दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा "बघू" म्हणून वर्तमानपत्र उलटवलं. शेवटी ताई म्हणाली, की आम्ही आणतो. मावशी लगेच उठून आत गेली.

भर दुपारी तिघं शेडमध्ये शिरले. वर पत्रा तापलेला होता आणि आत भट्टीसारखं गरम. जीप चादरीखाली झाकलेली होती. तिच्या मागच्या भिंतीला वर एक झरोका होता, तेवढाच काय तो उजेड. बाहेर वारं सुटलं होतं, तरी आत पान हलत नव्हतं.

चट्.

कुणीतरी मिटलेले ओठ उघडावेत तसा आवाज झाला. छोटीनं ताईचा हात धरला. थोड्या वेळानं पुन्हा तसाच आवाज आला. बोलायला सुरुवात करावी आणि थांबावं, तसा.

ताई जीपला वळसा घालून मागे गेली आणि जागीच थिजली. एक खिडकी झरोक्याखाली तिरकी टेकवलेली होती, आणि तिच्यात एक माणूस होता. करडा चेहरा, धुरकट डोळे, सरळ तिच्याकडे बघणारे. आरपार मागची भिंत दिसत होती.

"काका आहेत," छोटी हळूच म्हणाली.

काकाच होते. तिघंही धावत बाहेर आले आणि अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी धापा टाकत उभे राहिले. मग ताईच्या मनात एक गोष्ट खुपायला लागली. हुडाची लोखंडी कांब लागून काकांच्या डाव्या भुवईवर खूण पडली होती. खिडकीतल्या काकांची खूण उजव्या भुवईवर होती.

"भूत झालं म्हणून खूण इकडची तिकडे जाते का?" तिनं विचारलं.

भिंग्यानं चष्मा पुसला. आरशात असं होतं, तो म्हणाला. पण तिथे आरसा नव्हता. म्हणजे पुन्हा आत जाऊन बघणं आलं. कुणाच्याच पायांना ते पटत नव्हतं, तरी तिघं हात धरून गेले.

चेहरा तिथेच होता. हनुवटीखाली किड्यामुंग्यांसारख्या काळ्या ओळी होत्या, त्या मघाशी दिसल्या नव्हत्या. भिंग्या घसा खाकरत भिंत आणि खिडकी यांच्या फटीत शिरला. पलीकडून त्याचा आवाज आला, आधी कापरा, मग स्वच्छ.

"इथून वाचता येतंय. शोकसभा. सायंकाळी साडेपाच. चपला सभागृहाबाहेर काढाव्यात."

छोटीला हसू फुटलं, आणि लगेच रडूही आलं.

बाकीच्या खिडक्या कोपऱ्यात एकीवर एक रचलेल्या होत्या. ताईनं वरची उचलली, तेव्हा तोच चट् आवाज झाला. मघाशी उकाड्यानं त्या आपोआप सुटत होत्या, तेव्हाही तोच आला होता. मध्ये छापील पत्रक चिकटलेलं होतं. काकांचा फोटो, खाली शोकसभेचा मजकूर. प्रत्येक दोन खिडक्यांमध्ये एकेक पत्रक! उन्हानं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि छपाईची शाई त्यानं ओढून घेतली होती, शिक्क्यासारखी उलटी.

आता धाकट्या काकांची पाळी होती. ताईनं त्यांना सरळ काही विचारलंच नाही. जीपच्या खिडक्या ठेवाव्यात कशा, ते आम्हाला शिकवा, एवढंच म्हणाली. काका खुलले. धूळ पुसून, घडी न घालता, आडव्या ठेवायच्या, सावलीत, आणि मध्ये मऊ चादर घालायची, असं त्यांनी ऐटीत सांगितलं. मोठे काका गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आपणच त्या काढून ठेवल्या होत्या, हेही सांगितलं. तेव्हा छोटीनं पाठीमागे धरलेलं पत्रक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

धाकट्या काकांचा चेहरा उतरला. चादर शोधायचा कंटाळा आला, आणि उरलेली पत्रकं समोर गठ्ठ्यानं पडली होती, असं ते पुटपुटले.

मावशीला सांगणं मात्र कठीण होतं. ताई तिच्याजवळ जाऊन बसली आणि शेडमध्ये चल म्हणाली. मावशीनं तिचा हात घट्ट धरला.

"तुम्हालाही दिसला तो?"

मग ती सावकाश बोलली. काका गेले तेव्हा ती एका वस्तीवर, अडलेल्या म्हशीपाशी होती. वाऱ्याचे दिवस आले तेव्हा खिडक्या लावायला ती शेडमध्ये गेली, पहिलीच उचलली, आणि आत तो चेहरा. जवळ नव्हतीस म्हणून मी इथे थांबलोय, असंच तो म्हणतोय, असं तिला वाटलं. खिडकी भिंतीला टेकवून ती जी निघाली, ती पुन्हा आत गेली नाही.

ताईनं तिचा हात सोडला नाही. भिंग्यानं मावशीला फटीत नेलं, आणि मावशीनं पलीकडून सगळा मजकूर वाचला, चपलांपर्यंत. मग ती खिडकीवर कपाळ टेकून खूप वेळ उभी राहिली. बाहेर येऊन तिनं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि जीप द्यायची नाही असं सांगून टाकलं.

हूड शिवणाऱ्या कारागिरानं खिडक्या उजेडात धरून मान हलवली. शाई प्लास्टिकमध्ये मुरली होती, पुसून जाणार नव्हती. गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसायला हवा, म्हणून त्यानं पुढच्या दोन खिडक्यांना नवं प्लास्टिक शिवून दिलं. मागच्या तशाच राहू देत, असं मावशी म्हणाली. धाकट्या काकांनी उरलेल्या सगळ्या पत्रकांची नीट घडी करून ती कपाटात ठेवली. घरातली सगळ्यात मऊ चादर त्यांनी स्वतः आणून शेडमध्ये टाकली. वहिनीची माफी त्यांनी तिथेच मागितली.

रविवारी सकाळी एका वस्तीवरून निरोप आला. गाय अडली होती. बाहेर धुळीचं वादळ होतं. तिघांनी भराभर खिडक्यांच्या चेनी ओढल्या आणि मावशीनं जवळजवळ वर्षभरानं पहिल्यांदाच जीप सुरू केली.

वासरू धडपडत उभं राहिलं तेव्हा वादळही ओसरलं होतं. गायीची म्हातारी मालकीण जीपपाशी आली आणि मागच्या खिडकीकडे बघून दचकली. हे कोण, असं तिनं विचारलं.

मावशी हात धूत होती. "माझे यजमान. दिरांनी छापील कागद घालून खिडक्या ठेवल्या, म्हणून उमटलेत. या तिघांनी डोकं चालवलं, नाहीतर मी अजून घाबरून बसच्या रांगेत उभी असते."

म्हातारीनं तिन्ही मुलांकडे कौतुकानं बघितलं, मग पुन्हा खिडकीकडे.

"माणूस प्रेमळ दिसतो," ती म्हणाली.

"होताच," मावशी म्हणाली, आणि तिनं मुलांसाठी जीपचं दार उघडलं.