बेंगळूर बघायला गेलेली मुलगी

"तो पाय आहे माझा, पायरी नव्हे!"

नीरजा फणकारली ती मराठीत, बेंगळूरच्या बसमध्ये ते कुणाला कळणार या भरवशावर. पण समोरच्या उंच मुलानं चटकन पाय उचलला आणि हात जोडले.

"चुकलं, अक्का. पायरी असती तर आधी नमस्कार केला असता."

"अक्का कुणाला म्हणता? मी तुमच्याहून लहान आहे!"

"सरी, बरं. मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका."

नीरजाचे वडील नैरोबीला रेल्वेत होते. जन्म तिथलाच, आईबाप समुद्रापलीकडे आणि ही म्हैसूरच्या कॉलेजात. शनिवार-रविवार गाठून ती हौसेनं बेंगळूर बघायला आली होती. लालबाग, कब्बन पार्क, नवंकोरं विधानसौध... चिकपेटेतल्या मराठी घरांत वडिलांचे स्नेही गुंडूराव राहत, त्यांच्याकडे उतरली. पण गुंडूरावांच्या पत्नी लक्ष्मीदेवी तिला उंबरा ओलांडू देईनात. "उन्हात नको गं, तोंड काळवंडेल!" कशीबशी दुपारी सुटली होती.

लालबागेच्या थांब्यावर तो मुलगाही उतरला.

"पाठलाग करताय?"

"मी नेहमीच्या वाटेनं चाललोय. तुम्हीच माझ्या पुढे पुढे करताय."

पावसाची सर आली आणि दोघांना एकाच काचघरात शिरावं लागलं. वर काचेवर थेंबांचा ताल, चहूकडे फुलं. त्यानं भाजक्या शेंगांचा पुडा पुढे केला. नाव बिंदुमाधव, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ओले केस कपाळावर आलेले... नीरजानं ते पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली.

"संध्याकाळी मला परतायचंय," ती म्हणाली. "गुंडूरावांकडे कीर्तन आहे."

शेंग सोलणारा त्याचा हात थबकला.

"चिकपेटेतले गुंडूराव?"

"हो. का?"

"काही नाही... माझेच मामा." पुढे घर येईपर्यंत तो नुसता शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत राहिला. मघाचा वाचाळ मुलगा गेला कुठे?

कीर्तनाला आप्पाजीबुवा उभे राहिले आणि माजघर भरून गेलं. काय तो गळा! रुक्मिणीस्वयंवराचं आख्यान लावलं होतं. नीरजाला लक्ष्मीदेवींनी ऐन समईपुढे बसवलं. ती टाळ्यांत रंगली होती, तोच मागून कुजबुज आली.

"रंग बरा आहे."

"उंची स्वल्प जास्त. पण बिंदूला शोभेल."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. कानशिलं तापली. उठून जावं असं हजारदा वाटलं, पण बुवा नारदाच्या गादीवर उभे असताना उठायचं कसं? बाबांनी परदेशातही तो रिवाज मोडू दिला नव्हता. दात आवळून बसली. आख्यानातलं लग्न लागलं, बुवांनी मंगलाष्टकं म्हटली, आणि देवावर पडायच्या मूठभर अक्षता बायकांनी नेम धरून टाकल्या त्या हिच्यावर आणि झांज घेऊन उभ्या बिंदुमाधवावर!

आरती झाली. बुक्का लागला. मग मात्र नीरजा उभी राहिली.

"बुवा, रुक्मिणीला कुणी असं फसवून बघितलं होतं का?"

सगळ्या माना लक्ष्मीदेवींकडे वळल्या.

"अगं, तुझ्या बाबांच्या कानावर घातलंय," लक्ष्मीदेवी चाचरल्या.

"आणि माझ्या? मी बेंगळूर बघायला आले होते, काकू. अख्खं बेंगळूर मलाच बघत बसलं!"

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "पोर खरं बोलते. रुक्मिणीनं आपला निरोप आपण धाडला. एवढा वेळ मी सांगत काय होतो, लक्ष्मीबाई?"

नीरजा तरातरा ओसरीवर आली. मागून बिंदुमाधव.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"मामी सकाळी फक्त 'केस कापून ये' म्हणाल्या होत्या. बाकी... काचघरात उमगलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही तिथूनच म्हैसूरची गाडी धरली असती. मला तुम्ही पुन्हा दिसला नसता." तो घुटमळला. "चूक झाली. माझीच."

आवाज खरा होता. त्याचाच तर राग!

"पुढच्या रविवारी म्हैसूरला या," ती कडाडली. "आमच्या हॉस्टेलवर. ताट घेऊन, खाली मान घालून. माझ्या मैत्रिणी तुम्हाला बघतील!"

"सरी," तो म्हणाला.

येणार नाही, असं ती आठवडाभर स्वतःला बजावत होती, आणि दर वेळी तोंड कडू होत होतं.

रविवारी हॉस्टेलच्या बैठकीत एक उंच मुलगा चिरोट्यांचं ताट धरून उभा होता. मान खाली, केस नीट कापलेले. पोरी लोटल्या.

"चालून दाखवा!" नीरजाची मैत्रीण हेमलता म्हणाली. तो चालला. "गाणं येतं?" त्यानं आख्यानातला अभंग धरला, बेसूर, पण मनापासून. एकही पोर गंभीर राहिली नाही.

"उंची स्वल्प जास्त," हेमलतेनं निकाल दिला. "मुलगी काय म्हणते?"

नीरजानं ताटातला चिरोटा उचलला. कपाळाची आठी तिनं मोडली नाही.

"मुलीचं विधानसौध बघायचं राहिलंय," ती म्हणाली. "आणि दाखवायला... हाच पाहिजे."