छताला चिकटलेली पिल्लं

नखाएवढ्या एका लाल कोळंबीसाठी तिघं जण समुद्रातल्या एका खडकाच्या पोटातल्या गुहेत शिरणार होते.

मोहीम वहिनीची. प्रयोगशाळेच्या टाक्यांत तिनं या कोळंबीची अंडी कितीदा तरी उबवली होती. अंड्यातून निघणारं पिल्लू आईवर जराही जात नाही. ते काचेसारखं आरपार, डोक्यावर काटा, शेपटी वर करून पाण्यात तरंगणारं. ते वाढतं, कात टाकतं, पुन्हा वाढतं, आणि दर कातीखालून वेगळंच रूप घेऊन बाहेर येतं. पण शेवटच्या कातीपाशी घोडं अडायचं. तरंगणाऱ्या पिल्लाची चालणारी कोळंबी व्हायच्या ऐन वेळी सगळीच्या सगळी मरून टाकीच्या तळाशी पडायची. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. समुद्रातली पिल्लं तो टप्पा कसा पार करतात, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं आणि जमलं तर थोडी जिवंत घरी आणायची होती.

वाट दाखवायला होते तिचे सासरे, आबा. त्यांची सारी उमर दीपगृहावर गेलेली. तरुणपणी ते याच गुहेत भरतीभर बसून राहायचे. आतल्या दालनात एक उंच कट्टा आहे, तिथं पाणी कधीच चढत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. तिसरी म्हणजे तिची नणंद, चिमणी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून हे नाव पडलं. आता ती दारात उभी राहिली की खोलीत अंधार व्हायचा. जहाजांच्या बुडाला पाण्याखाली वेल्डिंग करणं हे तिचं काम. वहिनीच्या नवऱ्याला मात्र होडीचं चित्र बघूनही मळमळायचं. त्यानं डबे भरून दिले आणि धक्क्यावरूनच हात हलवला.

ओहोटीला त्यांनी होडी खडकाच्या आडोशाला बांधली. गुहेचं तोंड म्हणजे पाण्याच्या अगदी काठाशी असलेली एक बुटकी फट. पहिली लाट ओसरली तशी चिमणी शिरली. मागून आबा, शेवटी वहिनी. पुढे कोपरांवर सरपटत जायची वाट होती, गार आणि शेवाळानं बुळबुळीत. मध्येच एक लाट मागून आली आणि वहिनीच्या नाकातोंडात पाणी गेलं. तिनं पाठीवरचा थर्मास तेवढा घट्ट धरून ठेवला.

"आबा, तुम्ही या वयात इथं कशाला?" चिमणी पुढून ओरडली.

"तुझ्या आईपासून लपायला यायचो. सवय आहे."

दालन मोठं होतं. डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात काळंभोर कुंड चमकत होतं आणि त्याच्या कडेला तो कट्टा, तिघं ऐसपैस बसतील एवढा. बेत सरळ होता. भरती येईल, गुहेचं तोंड बुडेल, भरतीबरोबर पिल्लं कुंडात वर येतील. ती गोळा करायची आणि पुढच्या ओहोटीला निघायचं. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत बार्नेकलचा पांढरा पट्टा होता. होडीच्या बुडाला चिकटतात ते हेच खरखरीत शंकू. पट्ट्याच्या वरचा खडक कोरा दिसत होता.

"बघ," आबा म्हणाले, "पाण्यानं आपली रेघ मारून ठेवली आहे. कट्टा तिच्या वर."

तोंड बुडालं. बाहेरच्या लाटांचा आवाज दबका झाला. थोड्या वेळानं कुठूनतरी बारीक शीळ ऐकू येऊ लागली. समुद्र काहीबाही आवाज करतोच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

"पूर्वी इथं कानांत दडे बसायचे," आबा कानात बोट घालत म्हणाले. "आज काहीच नाही. कान म्हातारे झाले वाटतं."

वहिनीचं तिकडे ध्यानच नव्हतं. ती कट्ट्यावर पालथी पडून खाली वाकली होती. कट्ट्याच्या खालच्या अंगाला, जिथं दिव्याची सावली पडत होती, तिथं पिल्लं उलटी लटकत होती. शेकड्यांनी! खडकाच्या बारीक खाचांत पाय रोवून ती जुन्या कातीतून मागे मागे सरकत होती, आणि जी सुटत होती ती लालसर, पायांवर उभी राहणारी, चालणारी कोळंबी होती. प्रकाश पडला की सावलीकडे पळत होती.

"यांना धरायला काहीतरी लागतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "आणि अंधार. मी गुळगुळीत काच दिली. वर दिवे लावले. देवा, मीच मारलं त्यांना."

चिमणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनीनं डोळे पुसले आणि बारीक जाळीनं पिल्लं अलगद थर्मासात घेतली.

पाणी आता कट्ट्याजवळ आलं होतं. सगळीकडे उजेड पडावा म्हणून डोक्यावरचा दिवा काढून वर अडकवावा, असं म्हणत वहिनी उभी राहिली आणि तिनं छत चाचपलं. हात मागे घेतला तर बोटांतून रक्त!

कोरा खडक हात कापत नाही. तिनं दिवा जवळ नेला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

छतभर बारीक ठिपके होते. मोहरीएवढे, पांढुरके. बार्नेकलची नवी पिल्लं. तिला त्यांची सगळी कुंडली पाठ होती. हा प्राणीही कोळंबीचाच चुलत भाऊ. बाळपणी मोकळा पोहतो. मग एक रूप असं येतं की ते खात नाही, पीत नाही, फक्त जागा शोधतं. मिशांवर चालत दगड चाचपतं, पसंत पडला की डोकं टेकवून जन्माचं चिकटतं आणि स्वतःभोवती घर बांधतं. चिकटल्यावर हलणं नाही. आणि पाण्यानं नेल्याशिवाय ते कुठंही पोचू शकत नाही.

ते छतापर्यंत पोचलं होतं.

"आबा," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "इथं छतापर्यंत पाणी भरतं."

"छे. मी इथं कितीदा बसलोय."

"तेव्हा नसेल भरत. ही जिवंत आहेत, नवी आहेत. पाणी इथं रोज येतंय."

"सूनबाई, ती रेघ बघ की."

"ती जुनी रेघ आहे. पूर्वी वरून कुठंच फट नव्हती. तोंड बुडालं की हवा कोंडायची आणि तीच पाण्याला वर येऊ देत नव्हती. म्हणून तुमच्या कानांत दडे बसायचे. आज बसले का?"

आबांचं हात आपोआप कानाकडे गेला. दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसला. त्याच क्षणी पहिली लाट कट्ट्यावरून वाहत गेली आणि डब्यांची पिशवी घेऊन गेली.

"तोंडातून बुडी मारून जाऊ," चिमणी म्हणाली.

"तू जाशील. आबा?"

चिमणीनं मान वर केली. "ती शीळ. हवा कुठूनतरी बाहेर चालली आहे."

कुठून उजेड झिरपतो का ते बघायला तिघांनी दिवे विझवले. मिट्ट काळोख. पाणी घोट्याशी, मग पिंढरीशी. वहिनीनं रक्ताळलेला हात वर धरला आणि भिंतीच्या कडेनं चालू लागली. कोपऱ्यात, सुटून टेकलेल्या एका शिळेमागे, बोटांना वारा लागला.

शिळेमागे फट होती. वाकडी, वर जाणारी. एक माणूस कसाबसा मावेल अशी.

चिमणी आधी घुसली. खांदे अडकले. तिनं श्वास सोडला, अंग तिरकं केलं, खरवडत वर सरकली. शिवी ऐकू आली, मग तिच्या कमरेला गुंडाळलेला दोर खाली आला. वहिनीनं तो आबांच्या काखेतून बांधला.

"आधी तू," आबा म्हणाले.

"वाद नको, आबा."

पाणी छातीशी आलं. आबा आत गेले आणि मध्येच थांबले. पाय हवेत चाचपडत होते, टेकायला जागा मिळत नव्हती. वरून चिमणी ओढत होती, पण ओढून भागत नव्हतं. खालून दोन्ही हातांचा आधार हवा होता. वहिनीच्या एका हातात थर्मास होता.

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. झाकण लावून सोडला तर पिल्लं आत गुदमरतील. तिनं दातांनी झाकण फिरवलं, थर्मास पाण्याखाली उलटा केला आणि सोडून दिला. मग आबांचे दोन्ही पाय तळहातांवर घेतले आणि होतं नव्हतं ते बळ लावून वर रेटले. आबा हलले. पुन्हा रेटले. सुटले! पाय अंधारात दिसेनासे झाले.

पाणी हनुवटीशी. दोर पुन्हा येईपर्यंत ती छताच्या त्या खरखरीत ठिपक्यांना नाक लावून श्वास घेत राहिली. दोर गालाला लागला. मनगटाला वेढा दिला. झटका बसला, खडक पाठ सोलत गेला, आणि एकदम डोळ्यांत ऊन घुसलं.

ती खडकाच्या माथ्यावर पडली होती. शेजारी चिमणी, दोन्ही खांदे रक्ताळलेले. आबा बसलेले, एक बूट गायब. वर निळं आभाळ, पक्षी ओरडत होते, खाली होडी आपली निवांत डुलत होती, जणू काही घडलंच नव्हतं. फटीतून शीळ येत होती. आता ती चिरकी झाली होती, उकळत्या किटलीसारखी.

मग शीळ थांबली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फटीच्या तळातून पाण्याचा बुडबुड आवाज आला, वर वर आला आणि शांत झाला.

"गेलं ना सगळं?" चिमणीनं हळूच विचारलं. "थर्मास?"

"गेलं. पण टाकीत काय चुकत होतं ते कळलं." वहिनी म्हणाली. "दगड ठेवायचे. खडबडीत. आणि दिवे बंद."

चाळीस वर्षं आबा या गुहेचं कौतुक सांगत आले होते, आणि आज आपल्याच लेकीसुनेला घेऊन तिथं बसले होते. त्यांनी वहिनीचा हात मांडीवर घेतला, तिच्या बोटांत रुतलेली एक बारीक पांढरी कपची नखानं काढली, दुसरी काढली. तिसरी खोल रुतली होती, काही केल्या निघेना.

"राहू द्या, आबा. घरी काढू."

"नको," ते म्हणाले. "हलू नकोस."

ओहोटी लागून होडीपर्यंत उतरता येईतो त्यांनी तो हात सोडला नाही.