जिन्याखालचे पिवळे पक्षी

वरच्या फळीवरचा वॉलपेपरचा तो शेवटचा रोल मी ओढला, तर त्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात.

"सोडा. हा माझा आहे," मी मागे न बघताच म्हटलं. स्टुलावर चवड्यांवर उभं राहिलं की मागे बघता येत नाही.

खालून एक शांत आवाज — "माझा पण."

मी वळले. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल. उंच, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर असा काही निवांतपणा की समोरच्याला उगाच राग यावा. मला आलाच.

"तुमचा कसा? मी सगळी दुकानं पालथी घालून इथवर पोचलेय."

"मी आत्ताच आलो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मलाही हाच आवडला."

न आवडायला काय झालं? गडद हिरवी पानं, आणि पानांआड फांद्यांवर बसलेले चिमुकले पिवळे पक्षी. असा वॉलपेपर मी फक्त मनात पाहिला होता. दुकानदारकाका गल्ल्यावरूनच म्हणाले, "हे डिझाइन बंद झालंय बरं का. हा एकच राहिलाय. तुम्ही दोघं काय ते मिटवा, मला जेवायला जायचंय."

"तुम्हाला कुठे लावायचाय?" मी विचारलं.

"माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथे... एक भिंत आहे." तो जरा अडखळला. "तुम्हाला?"

आता आली पंचाईत. अनोळखी माणसासमोर, हातात इतका देखणा कागद धरून, "संडासात" कसं म्हणायचं? पण मी लाजणाऱ्यातली नाही.

"जिन्याखालच्या छोट्या बाथरूममध्ये. कमोड आणि बेसिन, बस्. अंघोळीची नाही, त्यामुळे भिंतींवर पाणी उडत नाही. आणि हसायचं नाही."

"हसलो का मी?" ओठ घट्ट मिटून तो म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

शेवटी काकांनी रोल कापून दिला. मी पर्समधून मापांचा कागद काढला. मला निम्म्याहून थोडा जास्त लागत होता. तो लगेच म्हणाला, "मोठा तुकडा यांना द्या." मी थँक यू म्हणणार होते, पण तेवढ्यात तो माझ्या नाकाकडे बघत म्हणाला, "तुमचा चष्मा तिरका बसलाय. या कधी, सरळ करून देतो. चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या वर."

मी चष्मा तिथेच बोटानं सरळ केला आणि निघाले. रस्ताभर तो पुन्हा पुन्हा तिरका होत होता. आजवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

*

नवं घर आईचं आणि माझं. पण घरात माझं काय होतं, विचारा. हॉलचा रंग दादानं ठरवला, कारण त्याला त्यातलं कळतं. स्वयंपाकघर आईनं, कारण तिथे ती वावरणार. पडदे वहिनीनं, कारण तिच्या ओळखीचा दुकानदार. माझ्या खोलीतलं कपाटसुद्धा मी दवाखान्यातून परत यायच्या आत बसवून झालेलं. दवाखाना म्हणजे दातांचा. मी तिथे रिसेप्शनवर. दिवसभर "या, बसा, डॉक्टर बोलावतील" म्हणायचं आणि सगळ्यांच्या वेळा जुळवायच्या. घरी आलं की माझ्याही वेळा इतरांनी जुळवलेल्या.

माझ्यावर प्रेम आहे सगळ्यांचं. त्यामुळेच तर भांडता येत नाही. माझ्या भल्यासाठी कुणी ना कुणी ठरवून मोकळं होतं, आणि माझं ठरवायचं राहून जातं.

उरली होती ती फक्त जिन्याखालची जागा. तिरकं छत, एक दिवा, बोळकांडीएवढी रुंदी. मी म्हटलं, "ही मी करणार. एकटी. माझ्या हातानं."

दादा मनापासून हसला. "छोटे, तिथे काय करायचं असतं? माणूस आत जातो, बाहेर येतो. त्यात एक माणूस धड मावत नाही. पांढरा मारून टाकू."

"नाही."

"रविवारी सगळे नातेवाईक घर बघायला येणारेत, जेवायला. शनिवारी संध्याकाळपर्यंत नाही झालं, तर मी रंगाऱ्याला बोलावणार. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. दात-ओठ खाऊन.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिरक्या छताला पांढरा रंग दिला. तेवढंच पांढरं मी मान्य केलं होतं. उठताना डोकं त्याच छतावर असं काही आपटलं, की चष्म्याची दांडी निखळून हातात आली आणि एका काचेला तडा गेला. केसांना रंग लागलेला, कपाळाला टेंगूळ, तशीच मी चौकात गेले.

चष्मेवाल्यानं मला बघितलं आणि आधी खुर्ची पुढे केली.

"जिंकलं कोण? छत?"

"अजून संपलं नाहीये," मी म्हटलं.

त्यानं माझा नंबर तपासायला घेतला. नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवली, कानांमागे दांड्या बसवल्या. बोटं अगदी हलकी. माझे कान, ज्यांच्याकडे आजवर कुणी वळूनही पाहिलं नव्हतं, चक्क तापले.

"समोर बघा. हे बरं दिसतंय... की हे?"

"दुसरं."

"आता? पहिलं... की दुसरं?"

"दोन्ही सारखंच."

"नीट बघा. घाई नाही. जे तुम्हाला स्पष्ट दिसतंय तेच सांगायचं, मला काय वाटेल ते नाही."

असं मला कुणी किती दिवसांत विचारलं नव्हतं. त्याच्या लेखी तो रोजचा प्रश्न असेल. सगळ्यांनाच विचारत असणार, आजोबांना, शाळेतल्या पोरांना. हे मला कळत होतं. तरी मी पुन्हा एकदा नीट बघितलं.

"पहिलं," मी म्हटलं.

"नंबर वाढलाय. दोन्ही काचा नव्या लागतील. उद्या दुपारी देतो."

"उद्या सकाळी मला कागद लावायचाय."

"जुना चष्मा असेल ना घरी?"

"आहे. त्यानं दिसतं... साधारण."

"मग साधारण लावा. दुपारी मी चष्मा घरी आणून देतो."

"मी साधारण काही करत नाही," मी उठत म्हटलं. आणि दारात आल्यावर आठवलं. "तुमची ती भिंत कुठाय? लावला कागद?"

त्यानं फडक्यानं काउंटर पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "आत... आतल्या बाजूला. आवरलेलं नाही तिथे."

*

शनिवारी मी हट्टाला पेटले होते. हॉलभर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, खळ कालवली, कागदाच्या पट्ट्या मापून कापल्या. एकेक पट्टी पालथी घालायची, खळ लावायची, घडी घालून आत न्यायची, वरून खाली चिकटवत यायचं, ओल्या स्पंजनं हवा काढायची. आत वळायलाही जागा नाही. एक पाय कमोडच्या डावीकडे, एक उजवीकडे. आई दोनदा दारात येऊन "मदत करू?" म्हणाली. दोन्ही वेळा मी "नको" म्हटलं. तिसऱ्यांदा ती नुसती पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

बेसिनच्या मागची पट्टी सगळ्यात शेवटी लावली. तीच मुख्य. दारातून पहिली नजर तिच्यावरच जाणार. जुन्या चष्म्यातून पानाला पान जुळल्यासारखं वाटलं. मी कंबर सरळ केली. झालं. माझं झालं.

नेमकी बेल वाजली. "अगं, चष्म्याचे आलेत," आई म्हणाली. मागोमाग दादाही आला, हातात फोन. वहिनी त्याच्या मागे, उत्सुक.

चष्मेवाल्यानं केसमधून चष्मा काढला, काचा पुसल्या, माझे हात खळीनं बरबटलेले म्हणून स्वतःच माझ्या डोळ्यांवर चढवला. दादाच्या भुवया वर गेल्या. मी मोठ्या दिमाखात वळून आत बघितलं.

डावीकडचे पक्षी फांद्यांवर बसलेले. उजवीकडचेही. मधले सगळे पाय वर करून लटकत होते.

पट्टी उलटी लागली होती. वरचं खाली, खालचं वर. वहिनीनं पदर तोंडाला लावला. दादा अगदी मायेनं म्हणाला, "जाऊ दे, छोटे. प्रयत्न केलास ना? बोलावतो मी रंगाऱ्याला. उद्या सगळे जेवायला येणारेत, तासाभरात पांढरंशुभ्र करून देईल."

त्या मायेनंच मला रडू येणार होतं. मी ते गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "खळ ओली आहे. पट्टी निघेल."

"निघेल, पण फाटेल. दुसरी आहे का?"

नव्हती. होता तेवढा कागद संपला होता. मी चष्मेवाल्याकडे बघितलं. मागायला जीभ उचलत नव्हती... पण पांढऱ्यापेक्षा मागितलेलं बरं.

"तुमच्या तुकड्यातली एक पट्टी द्याल? तुमच्या भिंतीला कमी पडेल, मला माहितेय..."

"नाही पडणार." त्यानं मान खाली घातली. "भिंत नाहीये."

"म्हणजे?"

"दुकानात सगळीकडे फ्रेमा आहेत. रिकामी भिंतच नाही. मी त्या दिवशी काकांकडे एक हूक घ्यायला आलो होतो. तुम्ही रोल ओढलात, तो तुमच्या डोक्यावर पडणार होता, म्हणून धरला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात — सोडा, हा माझा आहे." तो एकदाच माझ्याकडे बघून पुन्हा खाली बघू लागला. "सोडला असता, तर तुम्ही निघून गेला असतात."

दादानं फोन खाली घेतला. आई एकदम स्वयंपाकघराकडे वळली, पण गेली नाही, दाराशीच थांबली.

माझ्या डोक्यात राख गेली, आणि त्याच वेळी हृदय असं धडधडायला लागलं की कुणाचं ऐकावं कळेना.

"म्हणजे तुमच्या थापेपायी माझा कागद कमी पडला."

"हो."

"आणि तुमच्यामुळेच मी आज आंधळी होते."

"साधारण," तो म्हणाला.

हसू आलं, पण मी दाबलं. "आधी कागद घेऊन या. बाकीचं नंतर."

तो धावतच गेला. मी उलटी पट्टी हळूहळू सोलून काढली, भिंत पुसून घेतली. दादा म्हणाला, "अगं, माझा रंगारी वॉलपेपरपण लावतो. त्यालाच—" आणि आई मध्येच म्हणाली, "तू इकडे ये. चहा टाक." दादानं आयुष्यात चहा टाकला नव्हता. निमूट गेला.

चष्मेवाला धापा टाकत परतला. बाह्या आणखी वर सरकवून म्हणाला, "द्या, मी वरचं टोक धरतो. माझा हात पोचतो."

"माझाही पोचतो. तुम्ही आत यायचं नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. आतून सगळं एकदम दिसत नाही, तुम्ही बघून सांगायचं."

त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तो लगेच मागे सरकला, हाताची घडी घालून उभा राहिला. आधी पक्ष्यांची डोकी वर आहेत ना ते मी तीनदा बघितलं, त्यालाही विचारलं. मग पट्टी वर टेकवली.

"आता," मी विचारलं, "हे बरं... की हे?"

"पहिलं. जरा डावीकडे... केसभर. आता सरळ."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

"चष्म्याच्या बाबतीत मी थापा मारत नाही. रोलच्या बाबतीत एकदाच मारली."

खळीचा वास, दाराबाहेर त्याचा आवाज, माझ्या तळहाताखाली एकेक पक्षी जागेवर बसत होता. हात भरून आले होते, मान अवघडली होती. मी इतकी सुखात कधी नव्हते. शेवटची कडा स्पंजनं दाबली आणि आरसा टांगला.

दादा चहाचा कप घेऊन आला. चहा चक्क पांढुरका दिसत होता. त्यानं आत डोकावलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, बराच वेळ बघत राहिला. मग फोन कानाला लावला. "नको येऊस," तो रंगाऱ्याला म्हणाला. "झालंय इथलं. बहिणीनं केलंय." कप माझ्या हातात देऊन, वहिनीला घेऊन तो हॉलमधली वर्तमानपत्रं गोळा करायला गेला. चहा अगोड होता. मी पूर्ण प्यायले.

चष्मेवाला अजून उंबऱ्याबाहेरच होता. सांगितलं होतं तिथेच.

"आता मी विचारू?" तो हळूच म्हणाला. "पहिलं... मी चष्मा दिला, काम झालं, घरी जातो. आणि दुसरं... उद्या जेवायला येतो. सगळ्यांच्या देखत. आणि मग परवाही येतो... आणि..."

"आणि?"

"आणि येतच राहतो. मला तुम्ही फार आवडता. त्या स्टुलापासून."

त्याचा निवांतपणा पार गेला होता. कान लाल झाले होते. मी नव्या चष्म्यातून त्याच्याकडे नीट बघितलं. घाई केली नाही. आई काय म्हणेल, दादा काय ठरवेल, वहिनी कुणाला फोन करेल, यातलं काही मध्ये आलं नाही.

"दुसरं," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट."

तो हसला, पण जागचा हलला नाही.

"आत ये," मी म्हटलं.

त्यानं तिरक्या छताकडे बघितलं, बेसिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दोघं मावू आपण?"

"मावू. मापं मी घेतलीयत."